पंचनाम्याची वाट पाहताना घर उघडे ठेवू नये

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

वळवाचे दिवस आले की आपल्या वृत्तपत्रात रोज एक तरी बातमी असते: कुठे छप्पर उडाले, कुठे घरावर झाड कोसळले, कुठे भिंत खचून संसार उघड्यावर पडला. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या सगळ्या भागाला एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा वारा सोसावा लागतो, आणि या बातम्या छापल्या जातात हे चांगलेच आहे. परंतु बातमीतले छायाचित्र दुसऱ्या दिवशी सकाळचे असते. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत त्या घराचे काय होते हे कोणी विचारत नाही, आणि अनुभवाने सांगतो, घराचे खरे नुकसान त्याच दिवसांत होते. वारा छप्पर फोडतो; भिंती पाडतो तो उघड्या छपरातून आत शिरलेला पाऊस. त्याला अडवणे हे बहुतेक घरांत दोन-तीन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम असते. ते केले जात नाही याचे एक मोठे कारण म्हणजे ‘पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही’ हा आपल्याकडे घट्ट रुजलेला समज. त्या समजापायी माझ्या घराची एक भिंत गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. जांभ्याचा पाया, त्यावर मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि मागच्या पडवीवर पत्रे, अशी त्याची जुन्या पद्धतीची बांधणी. चार वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका संध्याकाळी वारा पडवीच्या पत्र्याखाली शिरला आणि एक पत्रा रिपांसकट उचलून त्याने मुख्य छपरावर आपटला. चाळीस-पन्नास कौले फुटली, आढ्यावरची कौले सात-आठ फूट लांबीत सरकली. कोणालाही इजा झाली नाही. दोन बाजा मावतील एवढे भोक छपराला पडले होते, इतकेच. दुसऱ्या दिवशी मी फोनवर चौकशी केली तेव्हा एका जबाबदार माणसाने सांगितले, की पाहणी होईपर्यंत काहीही हलवू नका, नाहीतर भरपाई मिळायची नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला नियम पाळण्याची सवय असते. मी तो पाळला. भोकाखाली घागरी आणि पातेली मांडली आणि वाट पाहत बसलो.

पाहणी नवव्या दिवशी झाली. तालुक्यात शेकडो घरांचे नुकसान झालेले असताना आणि माणसे मोजकी असताना तो उशीर मी समजू शकतो. पण त्या नऊ दिवसांत वळीव आणखी तीनदा आला. फुटलेल्या कौलांवरून येणारे पाणी घागरीत पडत होते तेवढे आम्हाला दिसत होते. वाशावरून ओघळून भिंतीच्या माथ्यावर जाणारे आणि तेथून तिच्या पोटात मुरणारे पाणी दिसत नव्हते. सहाव्या दिवशी मागच्या भिंतीचा गिलावा खालच्या अंगाला फुगला. त्याच भिंतीला लागून माझ्या आईचे अंथरूण असे. पत्नीने हट्टाने त्या रात्री आईला माझ्या धाकट्या भावाच्या घरी नेले, आणि आठव्या दिवशी पहाटे ती नऊ फूट भिंत खाली बसली. आई तेथे झोपलेली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही माझ्याने पुरा करवत नाही.

आमच्या समोरच्या घरी सुतारकाम करणारे शेजारी आहेत, त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. त्यांचे छप्पर आमच्याहून जास्त फुटले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीकडून मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढून घेतले, दोन मुलांना हाताशी घेतले आणि नऊ वाजायच्या आत छपरावर ताडपत्री बांधली. मला म्हणाले, “गुरुजी, आधी झाकून घ्या. पंचनामा काय पळून जातोय?” मी ऐकले नाही. त्यांच्या घरात पुढच्या तिन्ही पावसांत थेंब आला नाही, आणि पाहणीला आलेल्या माणसांनी त्यांचे फोटो पाहून, ताडपत्रीची एक बाजू उचलून नुकसान लिहून घेतले. ताडपत्री बांधली म्हणून त्यांचा एक रुपयाही कमी झाला नाही.

भरपाईचा हिशेबही लोकांपुढे यायला हवा. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये धरलेले होते. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये होते. राज्य सरकार त्यात कधी स्वतःची भर घालते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कर्नाटकाने पूर्ण पडलेल्या घरांसाठी ५ लाख रुपये जाहीर केले होते. तेव्हापासून काही जणांच्या बोलण्यात असा सूर ऐकू येतो, की अर्धवट पडलेल्या घराला काही मिळत नाही, पडायचेच असेल तर सगळे पडू दे. संकटात सापडलेल्या माणसाच्या मनात असा विचार येणे मी समजू शकतो, पण तो अतिशय घातक आहे, कारण भिंत कोणत्या घटकेला पडेल आणि तेव्हा तिच्याखाली कोण असेल हे कोणाच्याही हातात नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने घर कोसळून ७ जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. आपल्या भागातील मातीच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने ती घटना ध्यानात ठेवली पाहिजे.

मातीची भिंत कोरडी असताना छपराचा भार पिढ्यान्‌पिढ्या पेलते. तिला वरून छत्री आणि खालून कोरडा पाया मिळाला म्हणजे झाले. पाणी मुरले की मात्र मातीच्या कणांना धरून ठेवणारी पकड सुटते, भिंत जड होते आणि तिची ताकद नेमकी त्याच वेळी कमी होते. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असेही नाही; आत मुरलेले पाणी खाली उतरत राहते आणि भिंत उघडीप पडल्यावरही बसू शकते. वडगाव, शहापूरच्या जुन्या विणकर वस्तीत, तसेच खानापूरच्या जंगलपट्टीत अशी घरे आजही भरपूर आहेत. शिवाय आपल्याकडे वळीव आणि पावसाळा यांच्यात अंतर फार थोडे असते. मेच्या मध्यावर छप्पर फुटले तर मृगाला तीन आठवडे उरतात, आणि कणकुंबी, जांबोटीकडे एकदा पाऊस लागला की सुतार-गवंड्याला छपरावर चढता येईल असा कोरडा दिवस महिना-महिना मिळत नाही. तात्पुरती दुरुस्ती म्हणजे या मधल्या दिवसांपुरती घराची राखण होय.

आता ती कशी करावी हे लिहितो. मामांकडून आणि घरबांधणीतल्या इतर जाणत्या माणसांकडून नंतर जे शिकलो, तेच येथे देत आहे.

घाई करायची, पण वारा सुटलेला असताना किंवा अंधारात छपरावर चढायचे नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर किमान अर्धा तास उघड्यावर किंवा उंचावर जाऊ नये. छपरावर चढण्याआधी घरातल्या विजेचे पाहावे. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पुष्कळदा पत्र्याला टेकलेली असते, आणि तिचे आवरण सोलले गेले की सगळा पत्रा, त्याला टेकलेली लोखंडी शिडी, कपडे वाळत घालायची तार हे सारे विजेने भारले जाते. मेन स्विच बंद केल्याने खांबापासून मीटरपर्यंतची ही वायर बंद होत नाही. म्हणून वायर तुटलेली किंवा छपराला टेकलेली दिसली तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर कळवून लाइनमन येईपर्यंत त्या बाजूला कोणालाही फिरकू देऊ नये. गॅसचा सिलिंडर बंद करून बाहेर ठेवावा. सिमेंटच्या पत्र्यावर मधोमध पाय देणे म्हणजे थेट खाली पडणे आहे. चढावेच लागले तर हुकांच्या ओळीवर, म्हणजे खाली आधाराचे लाकूड किंवा पाइप आहे तेथे, आडवी फळी टाकून तिच्यावरूनच हालचाल करावी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसाला अपायकारक असते, म्हणून फुटके तुकडे कोरडे कापू किंवा झाडू नयेत. पाणी मारून, नाकाला फडके बांधून उचलावेत.

ताडपत्री घेताना दुकानदाराला तिचे जीएसएम विचारावे. हा आकडा म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. नव्वदच्या आसपासची पातळ ताडपत्री एका वळवात फाटते. दोनशे किंवा त्याहून जाड असलेली पावसाळा काढू शकते. कडेला दर तीन फुटांवर धातूची कडी आहेत ना, हेही हाताने चाचपून पाहावे.

बांधण्यात लोक सर्वांत मोठी चूक करतात ती अशी, की फक्त भोकावर ताडपत्री टाकतात आणि चार दगड ठेवतात. पाणी वरून वाहत येते आणि ताडपत्रीच्या वरच्या काठाखालून सरळ आत शिरते. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान तीन-चार फूट गेली पाहिजे, म्हणजे तिला वरचा काठच उरत नाही. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर कौले जशी एकावर एक चढतात तशी वरची खालच्यावर दीड-दोन फूट चढवावी. दगड ठेवू नयेत, कारण वारा ताडपत्रीला खालून फुगवतो, दगड घरंगळतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात येतो. मामांनी जे केले ते मी समोरून पाहिले होते. त्यांनी ताडपत्रीचा काठ एका लांब रिपेभोवती दोन वेढे गुंडाळला आणि ती रीप वळचणीखाली वाशांच्या टोकांना खिळ्यांनी ठोकली; त्यामुळे ओढ एका भोकावर न येता सगळ्या काठावर सारखी वाटली गेली. पलीकडच्या बाजूला काठावरच्या कड्यांतून नायलॉनची दोरी ओवून ती अंगणात रोवलेल्या खुंट्यांना ताणून बांधली. ताडपत्रीच्या मधोमध त्यांनी एकही खिळा मारला नाही. नंतर खालून हाताने दाबून पाहत ती ढोलाच्या पानासारखी ताठ होईपर्यंत पुन्हा दोऱ्या आवळल्या.

हा ताण फार महत्त्वाचा आहे. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद झोळात एक इंच पाणी साचले तरी ते सव्वादोनशे किलोहून अधिक भरते, आणि तो भार आधीच खिळखिळ्या झालेल्या वाशांवर येतो. झोळ पडलेला दिसला तर खालून बांबूने ढोसून भोक पाडण्यापेक्षा दोऱ्या पुन्हा ओढाव्यात, आणि छपराचा सांगाडाच मोडला असेल तर आडव्या बांबूंची नवी चौकट करून उतार तयार करावा.

पत्र्यांच्या घराची गोष्ट थोडी वेगळी आहे. वारा छपरावरून वाहताना पत्र्याला वर खेचतो आणि वळचणीखालून किंवा उघड्या दारातून आत शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो. म्हणूनच कडा, कोपरे आणि आढ्याजवळचे पत्रे आधी उडतात. जे पत्रे राहिले आहेत त्यांचे हुक सैल झालेले असतात हे ध्यानात घेऊन त्याच दिवशी ते आवळावेत, आणि छपरावरून आडवी जाड दोरी किंवा तार टाकून ती दोन्हीकडे जमिनीत पुरलेल्या खुंटाला बांधावी. नुसती पोती ठेवणे पुरेसे नाही.

भिंतीबद्दल मात्र प्रत्येकाने स्वतःला मर्यादा घालून घ्यावी. भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल, तडा वर रुंद आणि खाली बारीक होत गेला असेल, कालपर्यंत लागणारे दार आज चौकटीत अडकत असेल किंवा भिंतीतून माती झिरपल्यासारखी पडत असेल, तर आधी माणसे आणि जनावरे बाहेर काढावीत. सामान नंतर. टेकू देण्याचे काम सेंट्रिंग करणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. बल्ली, म्हणजे टेकूचा लाकडी खांब, तिरकी उभी करायची असते, तिच्या पायाखाली जाड फळी हवी, नाहीतर ती ओल्या जमिनीत रुतते. वरच्या टोकालाही भिंतीशी फळी धरावी, म्हणजे दाब एका जागी येत नाही, आणि पाचर हळूहळू ठोकून टेकू नुसता भिडवावा. भिंत ढकलून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. घरच्यांनी करण्यासारखे काम म्हणजे माळ्यावरचा भार उतरवणे. मेमध्ये आपल्याकडे माळ्यावर वर्षाचे भात, सरपण, शेणी भरून ठेवलेल्या असतात आणि त्या भिजल्या की वजन आणखी वाढते. धोका नसलेल्या बाजूने त्या उतरवाव्यात आणि भिंतीच्या पायाशी साचलेले पाणी दूर जाईल असा चर काढावा.

कागदपत्रांचे काम ताडपत्रीच्या आधी दहा मिनिटांत होते. घराच्या चारही बाजूंचे फोटो, प्रत्येक खोलीतून वर पाहून काढलेला फोटो, फुटलेल्या वस्तूंचे फोटो, आणि एका फोटोत घराचा क्रमांक किंवा ओळखीची खूण दिसेल असे पाहावे. त्या दिवसाचे वर्तमानपत्र चौकटीत धरले तर तारखेचा प्रश्न उरत नाही. दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन ग्राम पंचायतीकडे आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. ताडपत्री, दोरी, मजुरी यांच्या पावत्या जपाव्यात. फुटलेली कौले आणि वाकलेले पत्रे पाहणी होईपर्यंत अंगणाच्या कडेला रचून ठेवावेत. ज्यांनी बँकेचे कर्ज काढून घर बांधले आहे त्यांनी कर्जाबरोबर घराचा विमा काढलेला आहे का हे जरूर विचारावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी देणे बंधनकारक झाले असून तिच्यात वादळाचे नुकसान धरलेले आहे. नुकसान आणखी वाढू नये म्हणून घरमालकाने योग्य ती काळजी घ्यावी, अशीच विम्यात अपेक्षा असते. म्हणजे घर झाकणे हे तेथे कर्तव्यच ठरते.

प्रशासनाला माझी विनंती आहे, की वळवाचे दिवस सुरू होण्याआधी एक साधे पत्रक काढून त्यात स्पष्ट शब्दांत लिहावे: फोटो काढून ठेवल्यास तात्पुरती दुरुस्ती केल्याने भरपाई नाकारली किंवा कमी केली जाणार नाही. हे पत्रक कन्नडबरोबर मराठीतही असावे. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणात, ज्या भागात त्यांची संख्या १५ टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही देण्याची तरतूद आहे, आणि छप्पर उडालेल्या माणसाने काय करावे याहून महत्त्वाची सूचना कोणती असणार? खानापूर तालुक्यातील सत्तरीच्या आजीला कन्नड पत्रक वाचता येत नाही. अशा वेळी ती ऐकीव माहितीवर विसंबते, आणि ऐकीव माहितीने आमचे काय झाले ते मी वर लिहिलेच आहे.

दुसरी विनंती प्रत्येक ग्राम पंचायतीला आहे. पाच-दहा मजबूत ताडपत्र्या, नायलॉन दोरीची बंडले, दोन लांब बांबूच्या शिड्या, थोड्या बल्ल्या आणि पाचरी एवढे साहित्य पंचायतीच्या खोलीत तयार असावे. वादळानंतर दुसऱ्या दिवशी दुकानात ताडपत्री मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भावाने मिळते, आणि ज्याच्या हाती रोजची मजुरी आहे त्याला ती परवडत नाही. हात कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे तरी पडू नये. बेळगावात आणि खेड्यापाड्यांत गणेशोत्सव मंडळे आहेत, त्यांचे मंडप दरवर्षी भर पावसात उभे राहतात. ते बांधणारे मंडपवाले आणि मंडळांची मुले ताडपत्री ताणण्यात, बांबूची चौकट बांधण्यात तरबेज असतात. हेच हात मे महिन्यात विधवा, वृद्ध आणि एकट्या राहणाऱ्या लोकांच्या घरांसाठी मिळाले, तर कित्येक भिंती वाचतील.

आमच्या गल्लीने पंचायतीची वाट न पाहता सुरुवात केली आहे. सात घरांनी वर्गणी काढून अठरा बाय चोवीस फुटांच्या दोन ताडपत्र्या, दोरीचे एक बंडल आणि एक शिडी घेतली असून ते सर्व देवळाच्या माडीवर ठेवले आहे. किल्ली मामांकडे आणि पुजाऱ्यांकडे असते. गेल्या वर्षी त्यांतली एक ताडपत्री वरच्या आळीतल्या एका घरावर पाच आठवडे होती, आणि नवी कौले चढल्यावर ती धुऊन, वाळवून परत आली.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर तालुका, जि. बेळगाव